ब्रिटाने एकच खेळ खेळावा म्हणून

माझी नात ब्रिटा पानगळीत व्हॉलीबॉल खेळायची, हिवाळ्यात बास्केटबॉल, बर्फ वितळलं की गोळाफेक आणि उन्हाळ्यात सॉफ्टबॉल. शिवाय मध्यंतरात, बाकीचा संघ पाणी पीत बसला की ही बया घामेजल्या जर्सीतच बँडमध्ये जाऊन ट्रॉम्बोन वाजवायची. आमच्या नोर्डबेक गावची शाळा एवढीशी आहे की बँडमधून खेळाडू वजा केले तर नुसता ढोल उरतो. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मलाही नाही. वावगं वाटलं ते माझ्या मेहुण्याला, ड्वेनला.

ड्वेन विमा विकतो, त्यामुळे पुढे काय काय वाईट होऊ शकतं याचा त्याचा अभ्यास दांडगा आहे. एका रविवारी चर्चनंतरच्या कॉफीला त्याने मला दंडाला धरून कोट टांगायच्या खोलीत नेलं.

"आर्विड, पोरगी किती वर्षांची झाली?"

"सोळा."

"संपलं," ड्वेन म्हणाला आणि माझ्याकडे मयताला आल्यासारखा बघत राहिला. "अरे, आजकाल एकच खेळ धरावा लागतो. लहानपणापासून. माझ्या साडूचा पोरगा बघ. दहाव्या वर्षापासून फक्त बेसबॉल. त्यातही फक्त चेंडू टाकायचा. त्यातही फक्त डावीकडे वळणारा. कॉलेजने फुकट नेला की नाही?"

"हल्ली काय करतो तो?"

"खांद्याचं ऑपरेशन झालं. आता माझ्या हाताखाली विमा विकतो. पण कॉलेज फुकट झालं ना!"

या युक्तिवादात कुठेतरी भोक आहे हे मला दिसत होतं, पण 'फुकट' या शब्दाने ते बुजलं. ब्रिटाची आई, म्हणजे माझी मुलगी कारिन, एकटीने संसार ओढते आणि इस्पितळात दिवसरात्रीच्या पाळ्या करते. कॉलेजच्या फीचा विषय निघाला की आमच्या घरातले सगळे एकदम हवामानावर बोलायला लागतात. खेळावर शिष्यवृत्ती मिळाली तर पोरगी शिकणार, नाहीतर काय करणार हे कुणी तोंडातून काढत नव्हतं. तेव्हा मी ठरवलं, की हे काम आपण हातात घ्यायचं. मी तीस वर्षं गावच्या साप्ताहिकात गावाची टिंगल करणारं सदर लिहिलं आणि निवृत्त झालो. निवृत्त माणसाच्या हातात काम आलं की घरच्यांनी सावध व्हायला हवं. आमचे घरचे गाफील राहिले.

आमच्याकडे कुणी कुणाला सल्ला देत नाही, ते उद्धटपणाचं समजतात. फक्त 'असं ऐकलंय' म्हणतात. न्हाव्याने ऐकलं होतं की व्हॉलीबॉलला शिष्यवृत्त्या जास्त. दंतवैद्याने माझ्या तोंडात दोन्ही हात घालून ऐकलं होतं की शहरात एक क्लब आहे, तिथल्या मुली थेट कॉलेजात जातात. मला प्रतिवाद करता आला नाही. आमचे पास्टर म्हणाले, त्यांनी काही ऐकलेलं नाही, पण ते प्रार्थना करतील.

राहिली ब्रिटा. ती सकाळी दुधात सीरियल घालून खात होती.

"ब्रिटा, बाकीचं सगळं सोडून फक्त व्हॉलीबॉल खेळायचं का? शहरातल्या क्लबात?"

तिने चमचा जरा वेळ तोंडातच ठेवला. मग म्हणाली, "चालेल, आजोबा."

आता इथे थोडं व्याकरण. आमच्या गावात सगळ्यांचे पणजोबा नॉर्वेहून नाहीतर स्वीडनहून अमेरिकेत आले, आणि येताना स्पष्ट बोलणं बोटीतच विसरले. आमच्याकडे 'नको' याचा अर्थ 'अजून एकदा विचारा'. दुसऱ्यांदा 'नको' म्हणजे 'जवळजवळ हो'. तिसऱ्यांदा विचारलं की मग माणूस केकचा तुकडा उचलतो. आणि 'चालेल' याचा अर्थ 'त्यापेक्षा मला तळ्यात ढकला, पण तुमचं मन मोडवत नाही'. यावर मी स्वतः सदरात अनेकदा लिहिलं होतं, लोक पोट धरून हसले होते. पण त्या सकाळी मला 'चालेल'चा अर्थ 'चालेल' असाच लागला. सोयीचं असलं की व्याकरण फार सोपं होतं.

पहिलं काम म्हणजे परसात सरावासाठी नेट. त्याला दोन उंच खांब हवेत, आणि खांबाला नगरपालिकेची परवानगी. खिडकीत व्हर्ना बसते. माझ्याबरोबर शाळेत होती, त्यामुळे मला ओळखत असल्याचं तिने कधी दाखवलं नाही.

"परसात जमिनीत रोवायच्या तीन गोष्टी नियमात आहेत," ती म्हणाली. "कुंपण, शेड आणि झेंड्याचा खांब. तुझं यातलं काय?"

"नेट आहे, व्हर्ना."

"नेट यात नाही. कुंपण म्हणून घातलं तर कमरेच्या वर जाता येणार नाही. शेड म्हणून घातलं तर छप्पर लागेल."

"छप्पर घालून व्हॉलीबॉल कसा खेळणार?"

"ते नियमात नाही," व्हर्ना म्हणाली. "झेंड्याचा खांब कर. उंचीला हरकत नाही. पण मग झेंडा लावावा लागेल. तपासणीला माणूस येतो."

मी दोन झेंड्यांचे खांब मंजूर करून घेतले. एकावर देशाचा झेंडा लावला. दुसऱ्यावर काय लावावं असा प्रश्न आला तेव्हा मी पणजोबांना स्मरून नॉर्वेचा लावला. माझा शेजारी गुन्नार एंगस्ट्रॉम स्वीडनच्या घराण्यातला. तो आपल्या टोमॅटोच्या वाफ्यात उभा राहून बराच वेळ वर बघत होता. मग म्हणाला, "वेगळं दिसतंय."

आमच्याकडे याच्यापुढे शिवी नाही. याच्यापुढे थेट वकील असतो. गुन्नारकडे बर्फ उडवायचं मोठं यंत्र आहे आणि दर हिवाळ्यात तो आपल्या दारासमोरची पायवाट साफ करता करता माझीही करून टाकतो. तेव्हा मी लगबगीने तिसरा खांब रोवून त्यावर स्वीडनचा झेंडा लावला. नेटला खांब दोनच लागतात. माझ्या परसात मात्र लवकरच एखादी आंतरराष्ट्रीय परिषद भरणार अशी कळा आली. रस्त्याने जाणारे गाड्या हळू करायचे.

मग क्लब सुरू झाला. शहर दीड तासावर, गाडी मी चालवायची. तिथला प्रशिक्षक ब्रॅडी नावाचा, वयाने माझ्या बुटांएवढा. मला 'बडी' म्हणायचा. त्याने ब्रिटाला आपादमस्तक न्याहाळून जाहीर केलं की ही फक्त चेंडू उचलून देईल. मारायचा नाही, सर्व्हिस नाही, दुसरं काही नाही. बोटांवर घ्यायचा आणि वर द्यायचा. परत घ्यायचा, परत वर द्यायचा. मी बाकावरून बघत असे. कारखान्यात पट्ट्यावरून बाटल्या जातात तशी चेंडूंची रांग आणि टोकाला माझी नात.

त्याने आहारही सांगितला. त्यात हॉटडिश नव्हती. माझी बायको मार्लिस दर मंगळवारी हॉटडिश करते. खाली खिमा, मध्ये मशरूमचं दाट सूप, वर बटाट्याच्या गोळ्यांचा खरपूस थर. आमच्या लग्नानंतरचा एकही मंगळवार तिने चुकवलेला नाही, कारिनच्या जन्माचाही नाही. मी तिला ब्रॅडीचं म्हणणं सांगितलं.

"हो का?" मार्लिस म्हणाली. "त्याला काय हवंय?"

"कोंबडीचा उकडलेला तुकडा आणि हिरवा पाला."

"बरं," ती म्हणाली आणि त्या मंगळवारी तिने उकडलेला तुकडा आणि हिरवा पाला मला वाढला. ब्रिटाला हॉटडिश दिली.  तो तुकडा चावत असताना बोलताही येत नव्हतं.

पुढे ब्रॅडीला शोध लागला की ट्रॉम्बोनने खांदा एका बाजूला झुकतो, म्हणून ट्रॉम्बोन बंद. आता आठवड्यातून दोन संध्याकाळी ब्रिटा फक्त चर्चच्या घंटावृंदात जायची. तिथे प्रत्येकाने हातातली एकच घंटा आपली पाळी आली की वाजवायची असते. ब्रॅडीला हे पसंत पडलं. एकच घंटा, एकच सूर. मला पास्टर भेटले तेव्हा म्हणाले, "ब्रिटा फार मन लावते हं आर्विड." आणि कधी नव्हे ते माझ्या नजरेला नजर न देता निघून गेले.

खरी पंचाईत नोव्हेंबरात झाली. क्लबचा हंगाम आणि शाळेचा बास्केटबॉल एकाच वेळी येतात. ब्रिटाने बास्केटबॉल सोडल्याचं मी कॅफेत अभिमानाने सांगितलं. आमच्या मुलींच्या संघात मुली होत्या सात. सातापेक्षा कमी झाल्या तर शाळेच्या बोर्डाचा नियम असा की संघ बंद, आणि उरलेल्या मुलींनी शेजारच्या वेस्बी गावाच्या संघात जायचं. वेस्बी! आमचा संघ 'लढाऊ मासे' आणि त्यांचा 'बगळे'. जोडसंघाचं नाव काय ठेवणार, आणि सामना सुरू व्हायच्या आधीच अर्ध्या संघाने उरलेला अर्धा गिळला तर काय, यावर कॅफेत गंभीर चर्चा सुरू झाली. मी आत शिरलो की ती थांबायची.

मला कुणी एक शब्द बोललं नाही. त्यावरून मला कळलं की प्रकरण भलतंच चिघळलंय. कॅफेत माझी कॉफी कोमट यायला लागली. ॲपल-पाय मागितला की तो नेमका संपलेला असायचा आणि माझ्यामागून आलेल्याला मिळायचा. पहिलं मोठं बर्फ पडलं तेव्हा गुन्नार यंत्र घेऊन निघाला, आपल्या दारासमोरची पायवाट साफ करत करत माझ्या हद्दीपर्यंत आला, आणि सुरीने केक कापावा तशी सरळ रेघ ओढून वळला. मी पडद्याआडून बघत होतो. मी फावडं घेऊन बाहेर आलो तर म्हणाला, "छान पडलंय."

"हो, छानच," मी म्हणालो. आमच्या मानाने दोघेही हातघाईवर आलो होतो.

गाडीत ब्रिटा आता बोलत नसे. आधी तिला गप्प करण्यासाठी मी रेडिओ लावायचो, आता तिला बोलतं करण्यासाठी बंद करायचो. तिचा एक खांदा दुखायला लागला. विचारलं तर म्हणायची, "काही विशेष नाही." मी मनात म्हणायचो, शिष्यवृत्ती मिळाली की सगळं बरं होईल. खांदासुद्धा.

जानेवारीत शहरात मोठं शिबिर झालं. एका प्रचंड हॉलमध्ये कितीतरी मैदानं आणि कडेने घडीच्या खुर्च्यांवर खेळाडू हेरायला आलेले कॉलेजांचे प्रशिक्षक. त्यातल्या एक वांडा त्रेव्हिन्यो. मूळच्या टेक्सासच्या, आता एका चांगल्या कॉलेजचा संघ सांभाळायच्या. ठेंगण्या, खणखणीत आवाजाच्या. त्या ब्रिटाकडे बराच वेळ बघत होत्या. मग उठून सरळ माझ्याकडेच आल्या. माझ्या छातीत बँड वाजायला लागला, ढोलासकट.

"हात चांगले आहेत पोरीचे," त्या म्हणाल्या. "आणखी काय खेळते?"

हाच प्रश्न येणार म्हणून तर मी एवढा आटापिटा केला होता! मी ताठ झालो. "काही नाही! एकदम निर्भेळ व्हॉलीबॉल. मी स्वतः लक्ष घालून बाकीचं बंद केलं."

"अरेरे," बाई म्हणाल्या.

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली.

"एकाच खेळात मुरलेल्या मुली मला इथे रांगेने दिसतात," त्या म्हणाल्या. "त्यातल्या निम्म्यांचे खांदे गेलेले आणि उरलेल्या कंटाळलेल्या. मला मुलगी अशा खेळात बघायची असते जिथे ती सगळ्यात चांगली नाही. तिथे ती काय करते ते बघायचं. बरं, भेटून आनंद झाला."

आणि त्या वळल्या. नोर्डबेकचा माणूस अशा वेळी हवामानावर बोलतो. मी त्याऐवजी खोटं बोललो.

"बास्केटबॉल खेळते की! म्हणजे बंद केलं ते बाकीचं. पुढच्या शुक्रवारी सामना आहे, वेस्बीशी. या ना!"

"येईन," बाई म्हणाल्या. टेक्सासची माणसं पहिल्या फटक्यात हो म्हणतात. मला केवढा धक्का बसला असेल कल्पना करा.

दुसऱ्या दिवशी टोपी हातात घेऊन मी मिसेस हाउगेंकडे गेलो. या बाई मुलींना बास्केटबॉल शिकवतात, गोळाफेक शिकवतात, शिवण शिकवतात आणि सामन्याला जायचं तर बसही त्याच चालवतात. त्या शिवणाच्या वर्गात सुईत दोरा ओवत होत्या.

"मिसेस हाउगे, ब्रिटाला पुन्हा संघात घ्यायला किती कागद लागतील?"

"कशाला? तिचं नाव आहे की."

"पण तिने सोडला ना संघ!"

"सोडते म्हणाली होती," मिसेस हाउगे दोऱ्याकडे बघत म्हणाल्या. "एकदा. मी आणखी दोनदा म्हणायची वाट बघत होते. ती काही म्हणाली नाही. येत्या बैठकीत बोर्डाला मी सातच सांगणार आहे."

"पण सराव? सरावाशिवाय मैदानात उतरता येत नाही ना?"

"येते की सरावाला. मंगळवार, गुरुवार."

"मंगळवार, गुरुवार तर ती चर्चमध्ये घंटा..."

मिसेस हाउगेंनी प्रथमच माझ्याकडे पाहिलं. आमच्या पास्टरांची नजर त्या दिवशी का चुकत होती ते माझ्या ध्यानात आलं. त्यांनी प्रार्थना केली होती, फक्त बाजू बदलून.

"बर्फातून आलात," मिसेस हाउगे म्हणाल्या. "शुक्रवारी पॉपकॉर्नच्या टपरीवर माणूस कमी आहे. हंगाम संपेपर्यंत कमीच आहे." आमच्याकडे शिक्षा अशी सुनावतात.

संध्याकाळी ब्रिटाला गाडीत घेतलं. रेडिओ बंदच होता.

"तुला बास्केटबॉल सोडायचा नव्हता, तर मला सांगायचं नाही का गं?"

ती खिडकीबाहेर बघत होती. "आजोबा," ती म्हणाली, "तुम्ही एकदाच विचारलंत."

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. चष्म्यावर वाफ धरली होती. हीटरची असणार.

शुक्रवारी वेस्बीने आमचा भुगा केला. ब्रिटा बास्केटबॉलमध्ये संघात चौथी की पाचवी. तिच्या हातून चेंडू निसटत होता, ती त्याच्यामागे फरशीवर आडवी होत होती, उठून पडलेल्या दुसऱ्या मुलीला उठवत होती, वेस्बीच्या एका उंच बगळ्याने तिच्या डोक्यावरून टोपलीत चेंडू टाकला तेव्हा ती चक्क खो खो हसली. तिचं हसू मी पानगळीनंतर पहिल्यांदा ऐकलं. मध्यंतरात ती धावत बँडमध्ये गेली आणि ट्रॉम्बोन वाजवायला लागली. पहिल्या दोन ओळी निव्वळ धाप होती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी टपरीत ॲप्रन बांधून पॉपकॉर्न भरत होतो, मार्लिस शेजारी त्यावर लोणी ओतत होती.

सामना संपल्यावर त्रेव्हिन्योबाई टपरीशी आल्या. मागे रांग होती. रांगेत गुन्नार होता, ड्वेन होता, व्हर्ना होती.

"मिस्टर टॉलेफसन," बाई खणखणीत आवाजात म्हणाल्या, "हरत असताना असं खेळणारी पोरगी मला हवीच आहे. पूर्ण शिष्यवृत्ती. काय म्हणता?"

आणि मी म्हणालो, "अहो छे छे, कशाला उगाच! तुमच्याकडे हिच्याहून चांगल्या मुली असतीलच की."

रांगेतल्यांनी संमतीने माना डोलावल्या. पहिला नकार झकास झाला होता, नम्र आणि आटोपशीर. मी हात पुसून दुसऱ्या विचारण्याची वाट बघू लागलो.

"बरं," बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा पडला होता. "समजले मी. तुमचा निर्णय." त्यांनी पॉपकॉर्नची पिशवी उचलली आणि त्या दाराबाहेर गेल्या.

 पॉपकॉर्न फुटायचंही थांबलं.

"आर्विड!" मार्लिस किंचाळली. लग्नानंतर पहिल्यांदाच. "बाई टेक्सासची आहे!"

मी ॲप्रनसकट धावलो. पार्किंगमध्ये बर्फाचा आरसा झाला होता. बाई गाडीचं दार उघडत होत्या. "हो!" मी ओरडलो. "हो! हो!" एवढ्या मोठ्याने होकार त्या आवारात आजवर कुणी दिला नसेल. मागे दारात सगळी रांग गोळा झाली होती आणि लोक अवघडून बुटांकडे बघत होते. तिसऱ्या 'हो'ला माझे दोन्ही पाय माझ्यापुढे निघून गेले आणि मी त्रेव्हिन्योबाईंच्या मागच्या चाकाशी उताणा पोचलो.

ब्रिटा धावत आली, एका हातात ट्रॉम्बोन.

"यांचं आधी नाही, मग हो!" बाई गोंधळून म्हणाल्या. "मी समजायचं काय?"

"मॅडम, आमच्याकडे पहिल्या 'नाही'ला अर्थ नसतो," ब्रिटा म्हणाली. "ते नुसतं घसा साफ करण्यासारखं असतं. दोन-तीनदा विचारावं लागतं."

"मी एकदाच विचारते," बाई म्हणाल्या. "आणि तुला विचारते, आजोबांना नाही. यायचंय?"

"हो," ब्रिटा म्हणाली.

पणजोबांपासून आमच्या घरात पहिल्या विचारण्याला कुणी हो म्हटलं नव्हतं. मी आधीच आडवा होतो म्हणून बरं, नाहीतर पडलो असतो.

"पण बास्केटबॉल आणि गोळाफेक शाळा संपेपर्यंत खेळणार," ती म्हणाली. "सॉफ्टबॉलही. आणि क्लब बंद. खांदा दुखतो."

"क्लब सोड, डॉक्टरला खांदा दाखव आणि बाकी सगळं खेळ," बाई म्हणाल्या. दोघींनी हात मिळवले. मग बाई माझ्यावर वाकल्या. माझं मनगट अशा दिशेला वळलं होतं जिकडे ते आयुष्यात कधी गेलं नव्हतं.

"मिस्टर टॉलेफसन, फार लागलंय का?"

"छे छे," मी म्हणालो, "काही विशेष नाही. तुम्ही निघा, तुम्हाला उशीर होईल."

बाईंनी ब्रिटाकडे पाहिलं. "हे पहिलं?"

"पहिलं," ब्रिटा म्हणाली.

त्रेव्हिन्योबाईंनी फोन काढला आणि ॲम्ब्युलन्स बोलावली.